बाहीखालचं घड्याळ

आमच्या घरात माणसं पाच आणि मनगटी घड्याळं सात. मोबाइलच्या जमान्यात हा आकडा जास्तच म्हणायचा. पण यातलं एकही घड्याळ आम्ही शौकाखातर विकत घेतलेलं नाही. कुणी नोकरीला लागलं, कुणाचा निकाह झाला, कुणी आखातातून सुट्टीवर आलं, अशा निमित्तांनी ती एकेक करून घरात आली आणि राहिली. ‘संग्रह’ हा शब्द त्यांना पहिल्यांदा लावला आमच्या बेट्याने. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घड्याळांचा नाद त्याला नवाच लागला आहे. त्याने सातही घड्याळं उलटसुलट करून पाहिली, त्यांची वर्गवारी केली आणि निकाल दिला, “अब्बू, सगळं आहे, फक्त ड्रेस वॉच नाही. त्याशिवाय संग्रह पुरा होत नाही.”

एरवी आम्ही हसून विषय सोडून दिला असता. पण सध्या घरात आणखी एका घड्याळाची चर्चा चालू आहे. बेटीचा निकाह ठरला आहे; ईदनंतरची तारीख आहे. मुलाकडची माणसं समजूतदार आहेत. त्यांनी काहीही मागितलेलं नाही, उलट निकाह मशिदीत साधेपणाने व्हावा असं त्यांनीच सुचवलं. बोलतात ती आमचीच माणसं. “मागितलं नाही म्हणून काय झालं? दामादाच्या हातात घड्याळ बांधावंच लागतं,” असं एका खालांनी सांगितलं. “निदान चारचौघांत दिसेल असं तरी घ्या,” अशी पुस्ती एका मामूंनी जोडली. बेट्याला तर निमित्तच मिळालं. “मग ड्रेस वॉचच देऊ,” म्हणत त्याने मोबाइलवर तीन घड्याळं दाखवली. त्यातल्या मधल्याची किंमत आमच्या हातात पडणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होती.

संग्रहाला ड्रेस वॉच लागतं का आणि दामादाला घड्याळ लागतं का, हे दोन प्रश्न असे आमच्या घरात जोडीनेच आले. लग्नसराईच्या दिवसांत हा विषय पुष्कळ घरांत निघत असेल. म्हणून आम्ही जे शोधलं, विचारलं आणि ठरवलं, ते वाचकांपुढे ठेवतो.

ड्रेस वॉच म्हणजे काय, ते आधी पाहू. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. आपण ‘समारंभाचं घड्याळ’ म्हणू. समारंभाचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी सोनेरी, चकाकणारं, खडे जडवलेलं येतं. प्रत्यक्षात हे घड्याळ अगदी उलट असतं. ते पातळ असतं. तबकडी साधी, बहुतेक वेळा पांढरी. काटे दोन, फार तर तिसरा. वार नाही, तारीख असली तर असली, गजर नाही, अंधारात चमकणारे ठिपके नाहीत. पट्टा चामड्याचा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ते बाहीखाली सहज सरकतं आणि तिथेच राहतं. चार माणसांत बसलेलं असताना पुन्हा पुन्हा घड्याळ पाहणं म्हणजे ‘हे कधी संपणार?’ असं न बोलता विचारणं. त्यामुळे समारंभाचं घड्याळ वेळ सांगतं, पण हळू आवाजात. आम्ही मुलांना उर्दू खुशखत शिकवतो तेव्हा एक गोष्ट सांगतो की अक्षराइतकीच अक्षराभोवतीची मोकळी जागा महत्त्वाची. या घड्याळाचंही तसंच आहे. त्याची शान त्याच्यावर काय नाही यात आहे.

याचा जन्मही मजेशीर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुषमंडळी घड्याळ खिशात, साखळीला लावून ठेवत. मनगटावर घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, अशी युरोपात समजूत होती. 1904 मध्ये पॅरिसच्या कार्टिये पेढीने विमान उडवणाऱ्या आल्बेर्तो सांतोस-द्युमों यांच्यासाठी मनगटी घड्याळ बनवलं, कारण दोन्ही हात कामात गुंतलेले असताना खिशातलं घड्याळ काढणं त्यांना अवघड जाई. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांची हीच अडचण होती. त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं आणि युद्धानंतर ते तिथेच राहिलं. म्हणजे मनगटी घड्याळ आधी कामाचं झालं आणि मग समारंभाचं. 1917 मध्ये कार्टियेने ‘टँक’ नावाच्या चौकोनी घड्याळाचा आराखडा केला. 1932 मध्ये स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिपने ‘कालाट्राव्हा’ हे गोल, साधं घड्याळ काढलं, जेमतेम 31 मिलिमीटर रुंदीचं. समारंभाचं घड्याळ कसं असावं, हे सांगताना जाणकार आजही त्याच्याकडे बोट दाखवतात. आजच्या तरुणांच्या मनगटावरची थाळीएवढी घड्याळं पाहिली तर हे आकारमान बालिश वाटेल. पण लपण्यासाठी लहान व्हावंच लागतं.

हे सगळं झालं संध्याकाळच्या मेजवानीला वेगळा पोशाख घालणाऱ्या लोकांचं. आपल्याकडे संध्याकाळचे वेगळे कपडे कुठले? आपल्याकडे निकाह, वलीमा, दोन ईदा आणि दुःखाचे प्रसंग. आणि आपल्या देशातल्या सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ आलं ते पाटेक फिलिपमुळे नाही, एचएमटीमुळे. बंगळूरच्या हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळांचा कारखाना सुरू केला. तिथून ‘जनता’ आलं, काळ्या तबकडीचं ‘पायलट’ आलं, ‘कोहिनूर’ आलं आणि ‘कांचन’ही आलं. जानेवारी 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तोवर या नावाने दोन-तीन पिढ्यांची वेळ सांभाळली होती.

आमच्या सातांपैकी दोन घड्याळं एचएमटीची आहेत, आणि दोन्ही आमच्या मरहूम अब्बांची. एक जनता, एक कांचन. जनता त्यांनी नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. अब्बा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, तरी ड्रायव्हर-कंडक्टर अब्बांच्या मनगटाकडे बघत, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. कांचन मात्र त्यांना निकाहात मिळालं, सासरकडून. त्या काळी कांचनचा असा दबदबा होता की ते दुकानात सहजासहजी मिळत नसे. नवरदेवाच्या हातात कांचन म्हणजे लग्न तोलामोलाचं झालं, अशी सरळ पावती. हिंदू असो की मुसलमान, हा रिवाज दोन्हीकडे सारखाच होता.

आता गंमत अशी की आम्ही आयुष्यभर कांचनलाच समारंभाचं घड्याळ समजत आलो आणि बेट्याने मात्र ते त्या वर्गात घातलं नाही. त्याचं म्हणणं ऐकलं तर पटण्यासारखं आहे. कांचन स्वयंचलित आहे. हात हलला की आतलं एक अर्धगोल वजन फिरतं आणि त्याने स्प्रिंग गुंडाळली जाते. हे वजन यंत्राच्या वर बसतं, म्हणून घड्याळ जाड होतं. शिवाय त्यावर वार आहे, तारीख आहे, आणि सगळं अंग सोनेरी. ते बाहीखाली जात नाही, आणि जावं अशी त्याची इच्छाही नाही. ते दाखवण्यासाठीच बनवलेलं आहे.

अब्बांनी ते निकाहाच्या दिवशी बांधलं आणि त्यानंतर क्वचितच. कारण सोन्याचं होतं. पुरुषांना सोनं आणि रेशीम वर्ज्य आहे, हे आपल्या घरांतल्या लहान मुलालाही माहीत असतं. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) चांदीची अंगठी वापरत आणि तीही पत्रांवर मोहोर उमटवण्यासाठी. आता कांचन काही सोन्याचं नव्हतं, नुसता मुलामा होता. मुलाम्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. वितळवूनही सोनं वेगळं निघत नसेल तर हरकत नाही, असं काही म्हणतात. दिसायला सोनं आहे तर टाळलेलंच बरं, असं काही म्हणतात. अब्बा वादात पडणारे नव्हते. “शंका आहे ना, मग ठेवून द्या,” एवढंच म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं.

ही गोष्ट आम्हाला माहीत होती. तिचा दुसरा भाग मात्र आम्ही या चर्चेतच ऐकला, अम्मींच्या तोंडून. अम्मी पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. खाला आणि मामूंचं दामादाच्या घड्याळावरचं बोलणं त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माझ्या अब्बांनी ते कांचन कसं आणलं, ते कुणाला ठाऊक आहे का? निकाहानंतर पहिल्यांदा माहेरी गेले. गोठ्यात गेले तर म्हैस नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि ज्यांच्यासाठी आणलं त्यांनी ते घातलंच नाही. त्यांची काही चूक नाही, ते तर म्हणाले होते की मला काही नको.” एवढं बोलून त्या परत तांदळाकडे वळल्या. खाला आणि मामूही त्यानंतर घड्याळाबद्दल काही बोलले नाहीत.

जहेजवर आम्ही शाळेत निबंध लिहून घेतो, मुलं छान छान मुद्दे लिहितात. पण ‘मागणी नव्हती, तरी म्हैस गेली’ हा मुद्दा कुठल्याच वहीत आम्हाला आजवर सापडला नाही. रिवाजाला मागणारा लागतोच असं नाही. ‘द्यावंच लागतं’ म्हणणारे पुरेसे असतात.

आता बाकीच्या पाच घड्याळांकडे येऊ. यातल्या प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे. पहिलं चाचांनी कुवेतहून आणलेलं सेको फाइव्ह. पोलादी पट्टा, स्वयंचलित, आणि वार अरबीतही दिसतो. कोकणातल्या किती घरांत अशी आखातातून आलेली सेको आणि सिटिझन असतील, याची गणती नाही. ते कधी सेल मागत नाही आणि तक्रारही करत नाही. दुसरं बेट्याचं कॅसिओ एफ-91 डब्ल्यू. हे मॉडेल 1989 मध्ये निघालं आणि आजही तसंच मिळतं. वजन अवघं 21 ग्रॅम, सेल वर्षानुवर्षं चालतो. तिसरं आमचं शाळेचं, मोठे आकडे असलेलं, परीक्षेच्या पर्यवेक्षणात लांबून दिसणारं. चौथं बेगमचं छोटं टायटन. टाटा समूह आणि तमिळनाडूचं औद्योगिक विकास महामंडळ यांनी 1984 मध्ये ही कंपनी उभी केली, होसूरला कारखाना काढला आणि चावी द्यायची कटकट संपवली. जगातलं पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ सेकोने 25 डिसेंबर 1969 रोजी विक्रीला आणलं होतं. पंधरा-वीस वर्षांत ते तंत्र आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलं. बेगम कणीक मळताना ते काढून फडताळावर ठेवतात. गेली कित्येक वर्षं त्याची जागा ठरलेली आहे.

पाचवं बेटीचं. बेटी नर्स आहे. तिच्या घड्याळाची किंमत सगळ्यांत कमी आणि काम सगळ्यांत मोठं. त्याला सेकंदाचा ठळक लाल काटा आहे. नाडीवर दोन बोटं ठेवून ती तीस सेकंद मोजते आणि दुप्पट करते; ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजते. बेट्याने तिला ड्रेस वॉचचे फोटो दाखवले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “यात सेकंदाचा काटा कुठे आहे?” तो म्हणाला, “खऱ्या ड्रेस वॉचला नसतो.” ती म्हणाली, “मग याने पेशंट जिवंत आहे की नाही ते कसं कळणार?” आम्ही सगळे हसलो. पण थोड्या वेळाने ती जे म्हणाली त्यावर हसता येण्यासारखं नव्हतं. “अब्बू, निकाह दोघांचा आहे. घड्याळ एकाला का?” या प्रश्नाचं उत्तर खालांकडे नव्हतं, मामूंकडे नव्हतं आणि खरं सांगायचं तर कुठल्या शास्त्रातही नाही.

तर मूळ प्रश्न. संग्रहाला समारंभाचं घड्याळ लागतं का? बेट्याचा मुद्दा असा की संग्रहात प्रत्येक प्रकारचं एक तरी हवं. आम्हाला हा मुद्दा लंगडा वाटतो. टपाल तिकिटं जमवणारा एका मालिकेतलं राहिलेलं तिकीट शोधतो ते ठीक. घड्याळाचं तसं नाही. ते कुणाच्या तरी मनगटासाठी असतं. रकाना रिकामा दिसतो म्हणून वस्तू आणायची, तर रकाने काढणाऱ्यांचं भागतं आणि पैसे आपले जातात. आज ड्रेस वॉचचा रकाना भरा, उद्या पाणबुड्याच्या घड्याळाचा, परवा वैमानिकाच्या. आमच्या घरात ना कुणी पाणबुडा आहे ना वैमानिक.

पण ‘संग्रहाला’ऐवजी ‘घराला’ असा शब्द घातला, तर मात्र आमचं उत्तर बदलतं. घराला असं एक घड्याळ लागतं. कारण काही जागा अशा असतात की तिथे आपल्या मनगटावरचं काहीही बोलू नये. आमच्या ओळखीच्या एका घरी तरुण मुलाची मय्यत झाली होती. अंगणात माणसं गप्प बसली होती. तेवढ्यात कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ तासाच्या ठोक्याला दोनदा वाजलं. आवाज चिमुकला, पण सगळ्यांनी मान वळवली आणि त्या बिचाऱ्याला हात कुठे लपवावा ते कळेना. ताजियतला जाताना, मुलीसाठी स्थळ पाहायला आलेल्यांसमोर बसताना, निकाहाच्या मजलिशीत वकील म्हणून पुढे होताना हात पुढे करावा लागतो. त्या वेळी मनगटावर लाल काटाही नको आणि सोनेरी झगमगाटही नको. तिथे अदब हवी. समारंभाचं घड्याळ म्हणजे मनगटावरची अदब, असं आम्ही आता मानतो. आणि ती घराला एक पुरते. पाच माणसांना पाच लागत नाहीत, जसं घरात चांगलं छत्रीचं बूड एकच असतं आणि ज्याला बाहेर पडायचं तो ते घेऊन जातो.

असं घड्याळ कुणाला घ्यायचंच असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. या आम्ही बाजारातल्या एका जुन्या घडीसाजांकडे बसून समजून घेतल्या. पहिली, जाडी. टायटनने 2002 मध्ये ‘एज’ काढलं तेव्हा त्याची एकूण जाडी 3.5 मिलिमीटर आणि आतल्या यंत्राची फक्त 1.15 मिलिमीटर होती. म्हणजे पातळ घड्याळासाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही. दुसरी, पाणी. पाठीवर ‘30 मीटर’ लिहिलेलं असतं, ते वाचून लोक ते घालून पोहायला जातात. त्याचा अर्थ एवढाच की चार शिंतोडे उडाले तर बिघडणार नाही. वजूत हात कोपरापर्यंत धुणं फर्ज आहे, त्यामुळे हे घड्याळ काढावंच लागतं. काढलं की थेट खिशात ठेवावं, हौदाच्या कठड्यावर ठेवू नये. मशिदीच्या फलकावर ‘घड्याळ सापडले आहे’ अशी चिठ्ठी कायम का लागलेली असते, ते आपल्याला माहीत आहे.

तिसरी गोष्ट आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाची. पट्टा कशाचा आहे? काही पट्ट्यांना, विशेषतः आतल्या अस्तराला, डुकराचं कातडं वापरतात. नुसतं ‘अस्सल चामडं’ लिहिलेलं पुरत नाही. कशाचं, ते विचारावं. दुकानदाराला खात्री नसेल तर पट्टा बदलून घ्यावा, फार पैसे पडत नाहीत. चौथी गोष्ट, रंग. पुरुषांसाठी पोलादाचा पांढरा रंग घ्यावा, म्हणजे मुलाम्याचा प्रश्न उरतच नाही. मतभेदाच्या जागी पाऊल न टाकणं सोपं आणि बहुतेक वेळा स्वस्तही असतं.

या चार कसोट्या ऐकत असताना आमच्या डोळ्यांपुढे एकच घड्याळ येत होतं. अब्बांचं जनता. पांढरी तबकडी, पोलादी रंग, वार नाही, तारीख नाही. हाताने चावी द्यायची, म्हणून फिरतं वजन नाही आणि म्हणून कांचनपेक्षा पातळ. तबकडीवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं की आत सतरा हिरे आहेत. ते असतात कारखान्यात बनवलेले माणिक, चाकांच्या टोकांची झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले. घडीसाजांनी झाकण उघडून दाखवलं. त्याचा तोल तासाला 18 हजार वेळा हलतो, म्हणजे सेकंदाला पाच वेळा. अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. इतकी वर्षं बंद असलेलं ते घड्याळ साफसफाई करून, नवं तेल घालून, वासराच्या चामड्याचा काळा पट्टा लावून साडेआठशे रुपयांत चालू झालं.

बेट्याने हरकत घेतलीच. “अब्बू, याला सेकंदाचा काटा आहे. कडक नियमाने हे ड्रेस वॉच नाही.” आम्ही म्हटलं, “अब्बा हे घालून स्टँडवर गाड्या सोडत, आणि हेच घालून लोकांच्या निकाहाला आणि जनाजालाही जात. कुठेही ते वावगं दिसलं नाही. यापेक्षा कडक नियम कोणता?” तो काही बोलला नाही. पण रात्री झोपण्याआधी चावी तो स्वतःच देऊ लागला आहे. उलटी नाही, सुलटी. घट्ट लागली की थांबायचं. हे त्याला अम्मींनी शिकवलं, इंटरनेटने नाही.

आता राहिला दामादाचा प्रश्न. आम्ही आणि बेगम मुलाच्या घरी गेलो आणि चहाच्या वेळी सरळ बोललो. म्हटलं, निकाहाच्या दिवशी आमच्याकडून घड्याळ, अंगठी, सूट यातलं काही येणार नाही, आणि हे कमीपणाने नाही, ठरवून. मुलाच्या वालिदांनी चटकन उत्तर दिलं, “भाई, आमच्याकडूनही हाच निरोप तुम्हाला द्यायचा होता, कसा द्यावा ते सुचत नव्हतं.” दोन्ही घरांत एकच गोष्ट मनात असून दोन्ही घरं ती बोलायला कचरत होती. अशी किती घरं असतील, वाचकांनीच अंदाज करावा. खालांनाही आम्ही कळवलं. त्या नाराज आहेत. त्यांचं म्हणणं आहे की लोक विचारतील. विचारू देत, उत्तर तयार आहे.

देणं बंद केलं, पण तोहफा बंद केलेला नाही. निकाहानंतरच्या पहिल्या ईदला बेटी आणि दामाद दोघांना एकेक घड्याळ मिळेल, एकाच किमतीचं, आमच्या ऐपतीतलं. त्याचं पोलादी आणि साधं असेल. तिचं सेकंदाच्या काट्याचं असेल, कारण ते तिला कामावर घालायचं आहे. सासरी गेल्यावरही तिची नोकरी चालू राहणार आहे, हे त्या चहाच्या वेळीच बोलून झालेलं आहे. कांचन आम्ही विकणार नाही. ते अम्मींचं आहे, त्याचं काय करायचं ते त्या ठरवतील. आत्ता तरी त्यांनी ते जुन्या रुमालात गुंडाळून आपल्या पेटीत ठेवलं आहे.

निकाहाच्या दिवशी आम्हाला मजलिशीत पुढे बसावं लागेल. पांढरा कुर्ता शिवायला टाकला आहे. दर्जीने मनगटाचं माप घेताना विचारलं, घड्याळासाठी बाही थोडी सैल ठेवू का? आम्ही म्हटलं, गरज नाही, ते पातळ आहे. फक्त त्या दिवशी फजरनंतर आठवणीने चावी द्यायची आहे.